लोक डीपीला पट्टी लावतायत, बंद करू का त्यासाठी जागा करून देऊ?

डाळिंब_सांगोला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या डाळिंबवाल्यांसाठी मी आणि एका मित्राने मिळून छोटी साईट केलीय, साडेतीनशेच्या आसपास शेतकरी आहेत. आमच्या डोक्यात होतं की तेल्या रोग, फवारणी, बहार कधी धरायचा असलं लोक विचारतील आणि जाणकार सांगतील, त्याचे वेगळे विभाग पण पाडले. तिकडं कुणी फिरकत नाही. झालंय काय, शेवटी कोण कोण येऊन गेलं त्यांचे डीपी पहिल्याच पानावर दिसतात, तर लोकांनी स्वतःचा फोटो हटवून तिथं आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर आडत्या देतो ते बिल, लावायला सुरुवात केलीय आणि नावापुढं भाव, म्हणजे 'अमुक पाटील १२० पुणे' असं. माल गेला की संध्याकाळी डीपी बदलला. पट्टीवर अंगठा ठेवून फोटो काढतात, अर्धं झाकलेलंच असतं. मित्र म्हणतो नावात आकडे टाकणं बंदच करू. मला पटत नाहीये पण काय करावं तेही सुचत नाही.

कळफलक:
दादा बंद नका करू! ट्विटरचं बघा, हॅशटॅग कंपनीने काढलेलाच नाही. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना नावाच्या एका वापरणाऱ्याने सुचवलं की एका विषयाच्या ट्विटांना पुढं # लावूया, कंपनीला ते फार तांत्रिक वाटलं. मग त्याच ऑक्टोबरात सॅन डिएगोला वणवे पेटले, लोक #sandiegofire लावून बातम्या द्यायला लागले आणि मग पटायला लागलं. त्या खुणेवर क्लिक केलं की त्या विषयाची ट्विटं दिसतील अशी लिंक मात्र कंपनीने २००९ ला केली, म्हणजे तोवर दोन वर्षं लोक ती खूण हातानेच टाकत होते. @ लावून उत्तर देणं, पुढं RT टाइप करून दुसऱ्याचं ट्विट चिकटवणं, सगळं आधी लोकांनी केलं, तेही १४० अक्षरांत जागा करून. रोज कटकट करून माणूस एखादी गोष्ट हाताने करतोय म्हणजे त्याला ती खरंच पाहिजे असते.

मीनल_के:
तुमची केस तर थेट व्हॉट्सअ‍ॅपची आहे. २००९ ला यान कूमने केलं तेव्हा त्यात मेसेजच नव्हते, फोनबुकातल्या नावापुढं फक्त स्टेटस दिसायचं, मी कामात आहे, जिममध्ये आहे वगैरे. त्या जूनमध्ये अ‍ॅपलने पुश नोटिफिकेशन आणलं, स्टेटस बदललं की ओळखीच्यांना कळायला लागलं, आणि त्याचे मित्र स्टेटसमधूनच एकमेकांशी बोलायला लागले. ते बघून त्याने मेसेजची सोय केली. तुमच्या लोकांनी पण डीपीचा निरोप केलाय. विभाग रिकामे आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका, आधी भावासाठी येऊ दे, तेल्याचं मग आपोआप विचारतील.

जुना_ट्विटरकर:
दोघांचंही बरोबर आहे पण एक बाजू राहतेय. लोक करतात ते सोपं करून दिलं की तेच राहत नाही. RT हाताने करायचो तेव्हा कॉपी करा, काटछाट करा, दोन शब्द आपले घाला, यात माणूस ते ट्विट निदान वाचायचा तरी. नोव्हेंबर २००९ ला बटण आलं आणि ते थांबणं गेलं. ज्या टीमने ते बटण केलं तिचा प्रमुख क्रिस वेदरेल, त्याने २०१९ ला उघड सांगितलं की त्याला पश्चात्ताप होतो. आणि आपल्याकडचं विसरू नका, १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, त्यातले बहुतेक तुमच्या शेजारच्या मंगळवेढ्याचे. अफवा फॉरवर्ड होत होत आलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढायचं ठरवलं. लोकांनी लावलेली सवय आणि कंपनीने दिलेली सोय मिळून काय होतं ते आपण बघितलंय. भावाचंही तसंच, गेल्या आठवड्याची पट्टी कुणी आजची म्हणून लावली आणि लोकांनी घाबरून कच्चा माल तोडला तर? तारीख आणि मार्केट टाकल्याशिवाय भाव जाऊच देऊ नका. शेअरचं बटण तर अजिबात नको.

कळफलक:
हे मान्य. आणि दुसऱ्या दिवशी भाव आपोआप मागं गेला पाहिजे. ते अंगठ्याचं काय पण? आडत्याचं नाव झाकतात का?

डाळिंब_सांगोला:
मलाही तेच वाटलेलं, म्हणून आज चौघांना फोन लावला. अंगठा आडत्याच्या नावावर नसतो, खालच्या एकूण रकमेवर असतो. एक आजोबा म्हणाले, भाव सगळ्या गावाला कळू दे रे, पण घरात किती आले ते भावकीला कशाला. आणि मी वेड्यासारखा वजन आणि एकूण रक्कम असे दोन रकाने काढून ठेवले होते भावासाठीच्या नव्या पानावर! दोन्ही उडवले. आता फक्त भाव, मार्केट, तारीख. फोटो चढवताना पट्टीचा खालचा रकमेचा भाग कापायची सोय मित्र आज रात्री करतोय, त्यालाही पटलंय आता.