मालवणीत रॅप केला की लोक हसतात. काय करू?

कुडाळचो_झिल:
मी कुडाळजवळच्या एका वाडीतला. वय २३, बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पोस्ट मुद्दाम पुस्तकी मराठीत लिहितोय, नायतर रत्नागिरीवाले म्हणतील अर्थ सांग.

रॅपची सुरुवात सगळ्यांसारखीच. २०१९ ला 'गली बॉय' आला, तेव्हा मी अकरावीत. महिनाभरात वर्गातली निम्मी पोरं 'भाई' बोलायला लागली. मीपण हिंदीत लिहायचो. गल्ली, चाळ, पोलीस. आमच्या वाडीत गल्ली नाही, पाणंद आहे. पोलीस बघितला तो गणपतीच्या बंदोबस्तातला. दोन वह्या भरल्या आणि एक दिवस वाचून माझी मलाच लाज वाटली.

मग मालवणीत लिहायला घेतलं. बीट युट्युबवरची, रेकॉर्डिंग मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या कौलारू खोपटात, अंगावर गोधडी घेऊन. पावसात बंद, कौलांवरचा आवाज माइकमध्ये येतो.

आता मुद्दा. आमच्या वाडीत अकरा घरं, सात बंद. सगळे मुंबईला. त्या सातही घरांच्या चाव्या माझ्या आजीकडे. देवाच्या कोनाड्याशेजारी खिळ्याला टांगलेल्या, कुठली कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या लुगड्याची चिंधी. आजीला वाचता येत नाही. वर्षातून एकदा, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, ती सात दारं उघडून झाडून ठेवते. यावर मी गाणं केलं. गेल्या वर्षी एका मंडळाच्या कार्यक्रमात म्हटलं. पहिल्याच ओळीत 'माका' (मला) आलं आणि मंडपात हशा. मला वाटलं पुढे गप्प होतील. आजी कुलूप काढते तिथं अजून हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "रे, नाटकातला कायतरी म्हण!" कार्यक्रम संपल्यावर आयोजक पाठीवर थाप मारून म्हणाले, पुढच्या वर्षी कॉमेडी रॅप बसव, दोन हजार देतो.

बांगड्याच्या भावावर पंधरा सेकंदांची मस्करी टाकली होती, ती लोकांनी गावभर फिरवली. चाव्यांचं गाणं ४१२ जणांनी बघितलं, त्यात वीसेक वेळा मीच.

घरात वेगळंच. २०२३ ला राजकारणावरच्या गाण्यासाठी रॅपर राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला, ती बातमी आईने टीव्हीवर बघितली. तेव्हापासून ती माझी वही चाळते. चाव्यांत कसलं राजकारण, पण चाळते.

मालवणीतच राहू, की साधी मराठी धरू? २०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' बाहेरदेशी कुठे कुठे वाजलं, ते मराठीच होतं. की मालवणीचं नशीबच हसवायचं?

चाकरमानी_नालासोपारा:
भावा, सरळ बोलू? हिंदीत कर. युट्युबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं लागतं. स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचा एक पैसा मिळत नाही. ४१२ वर काय होणार? आजीचं गाणं मस्त आहे, पण ऐकणार कोण? आम्ही इथे विरार लोकलमध्ये हिंदीच ऐकतो.

पखवाज_बावीस_वर्सां:
बाबा, मी रॅपातला काय कळणारो न्हय. कणकवली भागात डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पखवाज वाजवतंय, बावीस वर्सां झाली. पण तुझी पोस्ट वाचून झोप येईना.

तू म्हणतोस मालवणी ऐकली की लोक हसतात. मग सांग, देवळात गावकार गाऱ्हाणा घालता तेव्हा कोण हसता? "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करता, प्रत्येक ओळीक सगळो गाव "व्हय म्हाराजा". शब्द तेच, 'माका-तुका' तेच. ताल नाही, पेटी नाही, तरी अंगावर काटा. म्हणजे खोट भाषेत नाही. तुझो व्हिडिओ बघितलंय. डोक्यार उलटी टोपी, दोन बोटां हवेत, उभा रवाची तऱ्हा मुंबयची आणि तोंडात आमची आजी. बघणाऱ्याला वाटतं सोंग आहे. सोंग दिसलं की आपला माणूस हसणारच, दशावतारात संकासुराला हसून हसून त्याची सवय झालेली.

दुसरा. बारीत बुवा पहिल्यांदाच कधी रडवत नाही. आधी समोरच्या बुवाचे दोन चिमटे काढतो, पब्लिक हसवतो, मुठीत घेतो. मग काळजाला हात घालतो. तेव्हा हसणारेच डोळे पुसतात. तू मंडपात गेल्या गेल्या आजी काढलीस. आधी बांगडो वाढ, मागसून आजी.

तिसरा मात्र लक्षात ठेव. तुझी यमकां सगळी क्रियापदांची. 'इलो, गेलो, रवलो, बसलो'. मालवणीत पुरुषाची भूतकाळातली क्रियापदां बहुतेक ओकारात संपतत, म्हणून यमक फुकट मिळता. फुकटचा म्हणून ऐकणाऱ्याक आधीच कळता पुढे काय येणार, आणि तो हसाक मोकळो. ओळ नावावर संपव. दार, उंबरो, चावी. क्रियापद मधी टाक.

आणि भजनी ठेको आठ मात्रांचो. तुझ्या बीटीचा चाराचा माप त्यात बरोबर बसता. आमच्या नातवाकडून तपासून घेतलंय.

लांज्याची_शाहीरीण:
काका, तुमचं गाऱ्हाण्याचं एकदम पटलं. पण जुनं तेवढं सोनं असंही नको.

आमच्या घरात तीन पिढ्या जाखडी, म्हणजे सवाल-जबाबाचं नाच-गाणं. शक्तिवाले. शक्तीकडचे पार्वतीचे, तुरेवाले शंकराचे, आणि रात्रभर एकमेकांना गाण्यातून सवाल. रॅपवाले ज्याला बॅटल म्हणतात ते मी मांडीवर झोपायच्या वयात ऐकलंय. पण रात्री दोननंतर गाणं कुठे जातं तेही ऐकलंय. समोरच्या शाहिराच्या बायकोवर, बहिणीवर. लोक त्यालाही हसतात. मला मात्र मध्ये गायला बसू दिलं नाही, आजोबा म्हणाले मुलगी नको. म्हणून मी मोबाइलवर आले. रॅपमध्ये कोणाचा आजोबा बसलेला नाही, हेच मला आवडलं. (शिव्या इथेही आहेत, पण निदान मी उत्तर देऊ शकते.)

झिला, तुमच्या मालवणीला लोक हसतात तरी. आमची रत्नागिरीकडची संगमेश्वरी बोली ऐकून मुंबईतले विचारतात, "मालवणी का?" तेव्हा तुझं दुःख मला जरा श्रीमंताचं वाटलं, राग मानू नको.

साधी मराठी धरू नको. १०० आरबीएच हा रॅपर अमरावतीचा, वऱ्हाडी ढंग सोडला नाही म्हणूनच लक्षात राहिला. २०१९ ला आरेच्या जंगलासाठी स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाच्या पोरांनी गाणं केलं, त्यात आरेतल्याच प्रकाश भोईरांना गायला घेतलं. त्यांच्यासारखं दुसऱ्या कोणी गायलं असतं तर मी दोनदा ऐकलं नसतं.

आणि नालासोपारावाले दादा, विरार लोकलमध्ये हिंदी ऐकता, पण चतुर्थीला गाडीचं तिकीट कुठलं काढता?

चाकरमानी_नालासोपारा:
वैभववाडी 😅 वेटिंगवर आहे. आमच्या घराची चावीपण शेजारच्या काकीकडेच असते. बरं, गाणं परत ऐकलं. ४१३ करा.

रेकॉर्डिंग_रत्नागिरी:
एक कामाचं सांगतो, बाकी काकांनी सांगितलंच. युट्युबवरची 'फ्री' बीट म्हणजे बहुतेक वेळा फक्त कमाई न करण्यापुरती फ्री. पैसे सुरू झाले की बीटवाला दावा ठोकतो आणि सगळे पैसे त्याच्याकडे. माझ्याकडे आलेल्या एका पोराचं असंच झालं, गाणं चाललं आणि हातात शून्य. लायसन्स विकत घे, पावती ठेव, नाहीतर स्वतःची बीट कर. पखवाजवाले काका एवढं बोलतायत तर त्यांचा ठेका रेकॉर्ड करून त्याचीच बीट कर ना. काकांना विचारून, आणि त्यांचं नाव टाकून. गाणं चालायला लागलं की गीतकार म्हणून आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद हो. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर पिक्चरच्या गाण्यातही लिहिणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी काढून घेता येत नाही. हे आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही.

कुडाळचो_झिल:
उशिरा लिहितोय, दुकानात गर्दी होती. सगळ्यांचे उपकार. ताई, राग नाही, उलट खरं बोललात.

टोपी काढली. रविवारी चुलतभावाला मांगरात बसवलं, तो वाडीच्या भजनात पखवाज वाजवतो. भजनी ठेका साधाच, बीट नाही, काही नाही. यमकं बदलताना आधीचं निम्मं गाणं गेलं. आता सुरुवात अशी आहे:

कुलपार गंज, गंजार पाऊस, पावसात भिजता उंबरो
सात घरांची एक म्हातारी, कमरेक चाव्यांचो जुडगो
चवथ इली काय दारां उघडतत, सात दिसांचो गजबजाट
आठव्या दिसा परत कुलूप, नि परत वर्साची वाट

आजीला ऐकवलं. ती म्हणाली, चावये कमरेक खंय, खिळ्याक आसत. मग म्हणाली, र्‍हवांदे (राहू दे).

काका, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधी दम पुरत नाही. 'जुडगो'वर थांबलो तर ठेको पुढे जातो, नाही थांबलो तर 'गजबजाट' तोंडातच ऱ्हवता. तुमचे बुवा श्वास खंय घेतत?