मदत हवी आहे: बेलापूरच्या छोट्या परसात पोपटी-शेकोटीसाठी पक्कं कुंड बांधावं का?

मंडळी, आमचं बैठं घर सीबीडी बेलापूरला, पारसिक डोंगराच्या बाजूला आहे. मागे 18 बाय 20 फुटांचं परस. माहेर उरणकडचं, त्यामुळे वालाच्या शेंगा बाजारात आल्या की पोपटी लावायचीच, म्हणजे शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायच्या. आतापर्यंत चार विटा मांडून भागवलं, पण घरात आता लहान मुलं आहेत आणि प्रत्येक वेळी जाळ कुठे जाईल याची धास्ती असते. म्हणून दिवाळीनंतर नीट बांधून घ्यायचा विचार आहे. एरवी शेकोटीलाही तेच वापरू.

माप मडक्यावरून काढलंय. पोपटीचं मडकं उपडं ठेवायचं, त्याचं पोट फूटभर. चहूबाजूंनी पेंढा आणि काटक्या रचायला फूटभर जागा हवी. म्हणजे आतला व्यास 3 फूट. कठडा 14-15 इंच, तळाशी हवेसाठी तीन-चार भोकं. खड्डा मात्र खणायचा नाही. आपल्याकडच्या पावसात तो जून ते सप्टेंबर भरलेलाच राहील आणि डेंग्यूच्या डासांची सोय होईल. त्यामुळे जमिनीवर 6 इंच खडी, तळ सिमेंटने बंद न करता मोकळा, आणि पावसाळ्यात वर पत्र्याचं झाकण.

खरी अडचण जागेची आहे. घराच्या भिंतीपासून किमान 10 फूट अंतर ठेवावं, जास्त असेल तर उत्तम, असं सगळीकडे सांगतात. तेवढं सोडलं आणि विटांच्या जाडीसकट कुंडाची जागा धरली, तर मागच्या कंपाउंडपर्यंत जेमतेम साडेपाच फूट उरतात, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची ताडपत्रीची शेड आहे. वर नारळाच्या झावळ्या येतात त्या वेगळ्याच. झावळ्या उतरवून घेता येतील, शेड हलवा असं कसं सांगणार?

गवंडी काकांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, ओढ्यातले गोल गोटे आणि उरलेले पेव्हर ब्लॉक वापरू, स्वस्तात होईल. गोटा हातात घेऊन मला म्हणाले, "ताई, हा पाषाण आहे, याला आगीने काय होतंय?" मी नको म्हटलं. ओढ्यातल्या दगडाच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की दगड फुटून कपच्या उडतात, आणि कठड्याभोवती बसलेल्यांच्या डोळ्यांची उंची नेमकी तीच. काँक्रीटचे ब्लॉकही जाळाने तडकतात, त्यांचेही तुकडे उडतात. आतून फायर ब्रिक (भट्टीतली उष्णता सोसणारी वीट), सांधे तशाच मातीचे, म्हणजे फायर क्लेचे, आणि बाहेरून साध्या भाजलेल्या लाल विटा, असं माझ्या मनात आहे. आत गॅल्व्हनाइज्ड पत्रा बसवायलाही मी तयार नाही, कारण जास्त तापला की त्यावरच्या जस्ताचा धूर निघतो.

धुराचा प्रश्न मला जागेइतकाच छळतोय. शेजारच्या आजींना दमा आहे. थंडीत रात्री वारा पडलेला असतो, गार हवा खाली बसते आणि धूर वर न जाता कंपाउंडच्या उंचीवरच रेंगाळतो. मी सुकी बाभूळ किंवा आंब्याचं लाकूडच वापरेन. प्लायवूड, रंगवलेली फळी, प्लॅस्टिक बिलकूल नाही. परसात कण्हेर आहे, तिची एक काटकीही जाळात जाऊ देणार नाही, कारण तिचा धूरही विषारी असतो. पोपटी लावायची ती दिवेलागणीच्या आधी, आणि आजींना विचारूनच. तेवढ्याने पुरेल का?

विझवण्याचं ठरलेलं आहे: वाळूच्या दोन बादल्या, नळाला जोडलेला पाइप, रॉकेल-पेट्रोल जवळपासही नाही. शेवटी पाणी ओतून राख ढवळायची, ती पूर्ण गार झाल्याशिवाय कोणी झोपायला जायचं नाही. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो.

आता तुमच्याकडून हवंय ते सांगते.

एवढ्याशा परसात पक्कं कुंड बांधणं शहाणपणाचं आहे का? की जुन्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम पायांवर बसवून, हवं तेव्हा घराच्या आणि शेडच्या मध्यावर आणून वापरावा? त्यात शेकोटी होईल, पण पोपटीचं मडकं बसणार नाही, तिथेच माझं अडतंय.

नवी मुंबईत फायर ब्रिक आणि फायर क्ले किरकोळ कुठे मिळतात? भट्टीवाल्यांकडून घेतलेल्या जुन्या विटा चालतात का?

परसातून पाइप गॅसची लाइन जाते. खणणार नाही, तरी तिच्यापासून किती अंतर ठेवता? गॅस कंपनीच्या माणसाला बोलावून लाइन दाखवून घेतलेली कोणी आहे का?

आणि कायद्याचं. कचरा नि पालापाचोळा उघड्यावर जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, त्याच वर्षी हरित लवादाने 5,000 रुपये दंडही ठरवला. आपली पोपटी पेंढ्यावर लागते. घरगुती शेकोटीबद्दल कोणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारलंय का, आणि काय उत्तर मिळालं?

रो-हाऊसमध्ये असं काही बांधलेल्यांनी फोटो आणि मापं टाकली तर फार बरं होईल. मडक्याला कुंडाच्या आतल्या भिंतीपासून नऊ इंच पुरतात की फूटभर लागतोच, एवढं जरी कळलं तरी व्यास कमी करून शेडपासून थोडं आणखी लांब सरकता येईल.