मदत हवी आहे: एआयचा परिणाम धरून बिझनेस इकॉनॉमिक्सच्या पदवीचा परतावा कसा मोजावा?

3 वर्षांच्या पदवीचा एनपीव्ही (पुढच्या मिळकतीची आजची किंमत वजा खर्चाची आजची किंमत) काढायचा आहे. खर्चात फी आणि शिकताना बुडणारा पगार, मिळकतीत फक्त पदवीमुळे वाढलेला पगार. 8 टक्के डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा वार्षिक दर) धरला तर चौथ्या वर्षी जास्तीचे मिळणारे 100 आजचे साधारण 73.5 होतात, विसाव्या वर्षीचे जेमतेम 21.5. म्हणजे सगळी मदार सुरुवातीच्या वर्षांवर, आणि एआयचा घाव नेमका तिथेच, नवख्यांच्या कामांवर बसतोय: डेटा साफ करणं, ठरावीक रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजणं), अहवालाचा पहिला मसुदा.

पगाराची जुनी आकडेवारी इथे फसवते, कारण ती नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी येण्याआधीच्या बाजाराची आहे. शिवाय हुशार मुलं एरवीही जास्त कमावतात. साध्या सरासरीत तो फरकही पदवीच्या खात्यावर जमा होतो.

जोखमीसाठी रेट वाढवणं पटत नाही. त्याने दूरची वर्षं चेपली जातात, जवळची फारशी हलत नाहीत. त्यापेक्षा पहिली नोकरी 1 वर्ष उशिरा किंवा पहिली 5 वर्षं जास्तीचा पगार निम्मा, अशी वेगळी गणितं बरी.

पण हा ‘निम्मा’ ठरवायचा कशावरून? नवख्यांसाठीच्या जाहिरातींची संख्या बघावी की सुरुवातीचा पगार? इकॉनॉमेट्रिक्सचे (अर्थशास्त्रात वापरायच्या संख्याशास्त्राचे) जास्त पेपर घेतलेल्यांना वेगळं धरावं का? कुणी शीट बांधली असेल तर रचना नक्की सांगा.