मदत हवी आहे: यूडेव्ह बंद केल्यावर एक्स सर्व्हरला कीबोर्ड-टचपॅड दिसत नाहीत

मंडळी, दोन दिवस याच्यात अडकलोय. (नवख्यांसाठी: यूडेव्ह म्हणजे लिनक्समध्ये उपकरणं ओळखून त्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, आणि एक्स सर्व्हर म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा, कीबोर्ड-टचपॅडचं ऐकणारा प्रोग्रॅम.) जुना लॅपटॉप, रॅम २ जीबी, हलका विंडो मॅनेजर, बूट होताना सेवा सुरू करायला सिस्टमडीऐवजी जुनं सिसव्हीइनिट. कीबोर्ड आणि टचपॅड अंगचेच, बाहेरून मी काही जोडत नाही. म्हणून म्हटलं, नको ती ओझी उतरवू.

सुरुवात लिबवॅकॉमपासून केली. ही लायब्ररी ड्रॉइंग टॅब्लेट ओळखण्यासाठी, आणि माझ्याकडे टॅब्लेट नाही. पण काढायला गेलो तर पॅकेज मॅनेजरने यादीच समोर ठेवली: लिबइनपुट (कीबोर्ड-टचपॅडच्या हालचाली हाताळणारी लायब्ररी) जाणार, त्यावर टेकलेला एक्सचा ड्रायव्हर जाणार, पाठोपाठ निम्मा डेस्कटॉप. तिथेच 'नाही' म्हणून थांबलो. लिबइनपुट कंपाइल करताना वॅकॉमचा भाग वगळता येतो, पण तयार पॅकेजमध्ये तो निर्णय आधीच झालेला असतो. सगळ्यांना एकच पॅकेज द्यायचं तर दुसरं काय करणार, हेही समजतं. तरी ज्याला नको त्याला वाट असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मग यूडेव्हचा डिमन, म्हणजे मागे सतत चालणारा भाग, बूटमधून काढला. डिव्हाइस फाइली तर कर्नलच (लिनक्सचा गाभा) बनवतो, टचपॅडचं मॉड्यूल हाताने यादीत लिहिलं होतं, त्यामुळे निभेल असं वाटलं. लॉगिन स्क्रीन आली, कर्सर मधोमध, आणि सगळं ठप्प. दुसऱ्या कन्सोलवरही जाता येईना, शेवटी दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे, एसएसएचने आत शिरलो.

कर्नलला दोन्ही उपकरणं व्यवस्थित दिसतात. इव्हटेस्ट (कर्नलकडे येणारे इनपुट दाखवणारं साधन) लावून बटण दाबलं की १, सोडलं की ०, एकही चुकत नाही. मग एक्सच्या कॉन्फिगमध्ये आपोआप शोध बंद करून डिव्हाइसचा पाथ हाताने दिला. लॉगमध्ये लिबइनपुटची ओळ आली: 'नॉट टॅग्ड ॲज सपोर्टेड इनपुट डिव्हाइस'. म्हणजे हा कीबोर्ड, हा टचपॅड अशी खूण यूडेव्ह आपल्या डेटाबेसमध्ये लिहितो, आणि ती नसेल तर लिबइनपुट उपकरणाला हातच लावत नाही.

लिबइनपुटऐवजी एक्सचा जुना इव्हडेव्ह ड्रायव्हर लावला, तर कीबोर्ड चालला. टचपॅडवर कर्सर हलतो, पण टॅप नाही, दोन बोटांनी स्क्रोल नाही. त्यात उपकरणाच्या इव्हेंट फाइलचा क्रमांक बूटगणिक बदलतो, काल ४ होता, आज ६. क्रमांकावर न विसंबणारे बाय-पाथचे दुवे वापरावेत, तर ते यूडेव्हच बनवतो!

डिमन हाताने चालू करून इनपुटसाठी ट्रिगर (उपकरणं पुन्हा तपासायचा आदेश) दिला की, कॉन्फिग मूळचा असेल तर, चालू एक्समध्येच दोन्ही जिवंत होतात. त्यामुळे हार्डवेअरवर शंका नाही.

आता विचारायचं ते असं. लिबयूडेव्ह-झीरो (यूडेव्हच्या लायब्ररीला पर्याय) कुणी रोज वापरतं का? ते डिमनशिवाय कर्नलच्या माहितीवरून या खुणा स्वतः काढतं, पण टचपॅडवर नीट चालतं का, हे वापरणाऱ्याकडूनच ऐकायचंय. दुसरं, बूटला डिमन चालवून खुणा लिहून झाल्यावर तो थांबवला, तर डेटाबेस '/run' फोल्डरखाली शिल्लक राहतो. झोपेतून उठल्यावर टचपॅड पुन्हा नोंदला गेला तर काय होईल? आणि वॅकॉम वगळून लिबइनपुट स्वतः बांधलेल्यांनी, पुढच्या अपडेटला ते पॅकेज कसं टिकवलं?

लॉग हवा असेल तर सांगा, पूर्ण टाकतो.