बदक ओळखवताना: सोलापूरकर आई-बाबा, आजी-आजोबांचे अनुभव

माझी लेक पावणेदोन वर्षांची. पुस्तकातलं पिवळं बदक दाखवलं की 'क्वॅक' म्हणते. पण हिप्परगा तलावावर खरं बदक दिसलं तेव्हा 'काऊ' म्हणाली! तुम्ही पिल्लांना बदक खेळातून कसं दाखवलंत? सविस्तर लिहा.

आजी, पूर्वभाग
आमच्याकडे निळी सोलापुरी चादर म्हणजे तलाव. नातू फेंगडे पाय टाकत डुलत येतो आणि चादरीवर पोटावर पडून 'पोहतो'. मी तेलुगूत 'बातु' म्हणते, सून 'बदक' म्हणते. त्याला दोन्ही कळतं. चादर धुवायला टाकली की रडारड!

बाबा, होटगी रोड
तिचं काही चुकलं नाही हो. आपल्या तलावांवरचं बदक पिवळं नसतंच. नेहमी दिसणारं ते हळदी-कुंकू बदक. अंग तपकिरी, चोच काळी, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. मी काळ्या पुठ्ठ्याची चोच कापली. मुलाने ओल्या हळदीत बोट बुडवून टोक रंगवलं, मग कुंकवाचे दोन ठिपके दिले. एक कपाळापर्यंत गेला. पुढच्या रविवारी तलावावर दुर्बीण त्याच्या डोळ्याला नीट लागेना, म्हणून कडेवर घेऊन नुसतंच बघत बसलो. एका बदकाने डोकं पाण्यात घातलं, शेपूट आभाळाकडे. तेव्हापासून घरी उशीत डोकं खुपसून तेच चालू असतं. पाव मात्र टाकू नका, बदकांना तो चांगला नाही.

अंगणवाडी सेविका
परातीत पाणी घ्या. आधी बोटं फाकवून पाणी ढकलायला लावा, मग बोटं मिटून. मिटल्यावर पाणी जोरात सरकतं. बदकाच्या बोटांमध्ये पडदा का असतो, ते हाताला कळतं. पाण्याजवळून क्षणभरही उठू नका.

आई, जुळे सोलापूर
कागदाची दोन बदकं केली, एकाला खोबरेल चोळलं. दोघांवर पाणी शिंपडलं. तेलाच्या बदकावरून थेंब घरंगळले, दुसरं लगदा झालं. खरं बदकही शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतं.
आणि आंघोळीचं भोकाचं रबरी बदक एकदा कापून बघा. आमच्याच्या आत काळी बुरशी निघाली.

धागा काढणारी
होटगी रोडच्या बाबांची चोच केली. आज पोळ्या लाटताना लेकीने हळदीच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बदा."