मदत हवी आहे : शब्द हरवत चाललेल्या वडिलांसाठी मेंदूच्या विद्युत-उत्तेजनाचा उपचार घ्यावा का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एका खेड्यात राहतो. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. त्यांनी तीस वर्षे बाजार समितीत मापारी म्हणून काम केले. काट्यावरचे वजन खणखणीत आवाजात पुकारायचे आणि संध्याकाळी दिवसभराची बेरीज तोंडी सांगायची, हेच त्यांचे आयुष्य होते. तीन वर्षांपूर्वी ते बोलता बोलता मध्येच थांबू लागले. एकदा पऱ्हाटीत उभे असताना त्यांना ‘डवरा’ (पिकाच्या ओळींत चालवायचे औत) हा शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डवरा धरल्यासारखे करून दाखवले. आता आकडेही निसटतात, आणि एखादे लांब वाक्य आपल्यामागे म्हणायला सांगितले तर ते दोन-तीन शब्दांनंतर अडखळतात. समजते मात्र सगळे. गुरुवारची सामुदायिक प्रार्थना ते सर्वांबरोबर सुरात, न चुकता म्हणतात, आणि घरी येऊन पाणी मागताना मात्र त्यांना ‘पाणी’ हा शब्द मिळत नाही.

सुरुवातीला एका दवाखान्यात हा लकव्याचा सौम्य झटका असल्याचे सांगून गोळ्या दिल्या आणि त्यात एक वर्ष गेले. झटक्याने गेलेली वाचा एकाएकी जाते आणि पुढे बहुधा थोडीफार सुधारते, बाबांची मात्र महिन्यामहिन्याला खालावत होती. हा फरक मला तेव्हाच ओळखता यायला हवा होता, याचे शल्य अजून जात नाही. शेवटी नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टांनी एमआरआय आणि भाषेच्या सविस्तर चाचण्या करून प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया (भाषा हळूहळू हरवत जाण्याचा मेंदूचा आजार), त्यातही लोगोपेनिक म्हणजे शब्द न सापडण्याचा प्रकार, असे निदान केले. अमेरिकेतील न्यूरॉलॉजिस्ट मेसुलम यांनी १९८२ मध्ये प्रथम नीट वर्णिलेल्या या आजाराचे तीन प्रकार २०११ मध्ये तज्ज्ञांनी ठरवून दिले. बाबांच्या प्रकारात मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागच्या भागात, बहुतेक वेळा अल्झायमरसारखेच बदल आढळतात. आजार थांबवणारे औषध नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि मी ते स्वीकारले आहे.

त्यांनीच टीडीसीएस, म्हणजे डोक्यावरून मेंदूला मंद विद्युतप्रवाह देण्याच्या उपचाराचा, उल्लेख केला. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधले दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बांधून साधारण वीस मिनिटे एक ते दोन मिलीअँपिअर इतका मंद प्रवाह सोडतात. त्याने पेशींना झटका बसत नाही. त्या फक्त थोड्या लवकर प्रतिसाद देण्याच्या स्थितीत येतात, आणि म्हणूनच प्रवाह चालू असताना किंवा त्याच्या लागोपाठ वाक्-उपचार घ्यावा लागतो. नुसती पट्टी बांधून बसवण्यात अर्थ नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोक्याच्या त्वचेला मुंग्या, खाज, कधी लाली किंवा डोकेदुखी होऊ शकते. बाबांच्या डोक्यात धातू नाही, पेसमेकर नाही, फेफऱ्याचा इतिहासही नाही.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्सापकिनी यांच्या गटाने २०१८ मध्ये ३६ रुग्णांवर केलेला अभ्यास डॉक्टरांनी समजावून सांगितला. सुमारे पंधरा-पंधरा सत्रांच्या दोन फेऱ्यांत सर्वांना शब्द लिहिण्याचा सराव दिला. एका फेरीत खरा प्रवाह आणि दुसऱ्या फेरीत प्रवाहाचा नुसता भास. सरावाने दोन्ही वेळा सुधारणा झाली, पण खऱ्या प्रवाहानंतरची सुधारणा दोन महिन्यांनंतरही अधिक टिकून होती, आणि बाबांसारख्या लोगोपेनिक रुग्णांत न शिकवलेल्या शब्दांनाही फायदा दिसला. शब्दार्थच हरवण्याच्या प्रकारात तसा फायदा दिसला नाही. गट लहान आहे, हे मला कळते.

म्हणून ज्यांनी घरच्या माणसाला हा उपचार दिला आहे किंवा जे स्वतः वाक्-उपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना मी विचारतो. नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगी येथे टीडीसीएस आणि वाक्-उपचार एकत्र, सलग तीन आठवडे दिले जातात का, की मैसूर किंवा बेंगळुरूलाच जावे लागेल? बाबा सातवीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांचा सराव लिहून घ्यावा की बोलून? आणि ज्यावर माझे मन सर्वांत अधिक अडले आहे ते असे की, सरावासाठी शब्द कोणते निवडावेत? तक्त्यांवरची हत्ती, जहाज, छत्री अशी चित्रे त्यांच्या कामाची नाहीत. मी आईसोबत बसून चाळीस शब्दांची यादी केली आहे: वावर, सरकी, तिफन, डवरा, भाकर, पाणी, औषध, दुखते, नातवंडांची नावे. वऱ्हाडी शब्द घेऊन सराव करून देणारे कोणी आहे का?

ऑनलाइन मिळणारे यंत्र आणून घरीच उपचार करावा, असे एका नातेवाइकाने सुचवले आहे. इलेक्ट्रोडची जागा आणि प्रवाहाची मात्रा ठरवणारा तज्ज्ञ शेजारी नसताना मी ते करणार नाही; परंतु पहिली सत्रे दवाखान्यात घेऊन पुढची देखरेखीखाली घरी घेतलेली असल्यास तो अनुभव जरूर लिहावा.

मृगाचा पाऊस लागला की पेरणी सोडून मला तीन आठवडे नागपुरात राहता येणार नाही. त्याआधी सोय झाली, तर बाबांना घेऊन मी लगेच निघू शकतो.