शिनाण्यांची शेती: पिकतं, पण विकतं का?

खाडीकर: सिंधुदुर्गात बचतगटांच्या बायकांनी शिनाणे (खाण्याचे हिरवे शिंपले) आणि कालवं बांबूच्या तराफ्याला टांगलेल्या दोरीवर वाढवून दाखवली. खाद्याचा खर्च नाही. शिंपला पाणी गाळून आपलं पोट भरतो. दिवाळीनंतर बीज, म्हणजे शिंपल्यांची पिल्लं, दोरीला बांधायचं, मेपर्यंत माल तयार. तरी ही शेती पसरली नाही. माझं मत, अनुदान बांबू-दोऱ्यांवर घालवण्यापेक्षा गिऱ्हाईक तयार करण्यावर खर्च करा.

रापणवाला: साफ चूक. पाऊस लागला की खाडी गोडी होते आणि शिनाणे मरतात, म्हणून सगळ्यांचा माल मेमध्ये एकदम निघतो. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं, तो खुशाल ढगांची वाट बघत बसतो. शिवाय बीज खडकावरून खरवडायचं, आणि त्याच खडकांवर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, शिंपले वेचून पोट भरणाऱ्या बायका असतात. आधी हॅचरीचं, म्हणजे केंद्रात तयार केलेलं, बीज द्या, मग गिऱ्हाइकाचं बोला.

खाडीकर: मग केरळात कासरगोडला कसं जमलं? तिथंही पाऊस आहे, तिथंही बीज खडकावरचंच. पण कल्लुम्मक्काय, म्हणजे हेच शिनाणे, तिथं घरोघरी खातात. आपल्याकडे सुरमईला वाट्टेल तो भाव देणारा माणूस शिनाणे म्हटलं की 'हे काय असतं?' विचारतो.

पुणेरी मत्स्याहारी: विचारतो ते बरंच करतो! पाणी गाळणारा प्राणी त्यातली घाणही साठवतो. 1997 मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन माणसं दगावली. ते विषारी शैवालाचं विष, शिजवून जात नाही. स्वच्छ पाण्यात दिवसभर ठेवलं तर जंतू कमी होतात, हे विष तेवढ्यानं जात नाही. खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी होऊ दे, पिशवीवर ठिकाण-तारीख येऊ दे, मी जास्त पैसे मोजीन.

मालवणची सून: भाऊ, तपासणीचा खर्च कोणी करायचा, गटातल्या बायकांनी? पाण्याला सातबारा नाही, मग बँक तारण काय घेणार? तराफ्यावरून होडी गेली तर भरपाई मागायची कोणाकडे, तेही ठरलेलं नाही.

रापणवाला: हे मात्र खरं. मी म्हणतो, मेमध्ये उकडून मांस काढा आणि गोठवा. कवचाचं ओझं जातं, आणि जूनमध्ये मासेमारीबंदी लागली की मासळी महागते, तेव्हा विका.

मालवणची सून: आणि तोवर शीतगृहाचं भाडं? पावसात आमच्याकडे वीज किती वेळ असते, ते एकदा येऊन बघा.